लाल लोकर

जरा डोळे मिटा आणि एक खुराडं समोर आणा. मोठ्या माणसाला वाकूनच उभं राहावं लागेल एवढं बुटकं. आत पेंढा, टांगलेला पिवळा दिवा आणि कोंबड्यांची ही दाटी. बाहेर एवढा गारठा, की बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा बर्फ धरलेला. म्हणून यंदा दार दिवसभर बंदच. आलं डोळ्यांसमोर? आता कोपऱ्यात एक कोंबडी मरून पडली आहे असं समजा.

सकाळी अंडी गोळा करायला गेलेल्या मिरीला ती तशीच दिसली. मिरी ही मामाची भाची, सुट्टीला शेतावर आलेली. अंगाने मिऱ्याएवढी आणि तेवढीच तिखट.

“आणखी एक?” मामा खुराड्यात डोकावत म्हणाला. “सुभेदाराला रक्ताची चटक लागली. असा कुत्रा सुधारत नाही. शेजारच्या काकांना सांगितलंय, जेवण झालं की बंदूक घेऊन येतील.”

सुभेदार म्हणजे मामाचा म्हातारा कुत्रा. पहिली मेलेली कोंबडी त्याच्या तोंडात सापडली, तेव्हापासून तो लाकडांच्या ढिगाशी, आपल्या फळ्यांच्या पेटीपुढे साखळीला होता. काल रात्री साखळी ढिली होती, असं आता मामाचं म्हणणं.

“आणि मेल्या त्या नेमक्या पाहुण्यांसाठी राखलेल्या,” मामी हळहळली. राखलेल्या कोंबड्यांच्या पायाला ती दरवर्षी लाल लोकर बांधायची, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

“नेमक्या राखलेल्याच?” मिरीने विचारलं. “सुभेदाराला कसं कळलं, मामी?”

“लठ्ठ कुठली ते कुत्र्याला बरोबर कळतं. चल, अंडी आण आत.”

मामाचा मुलगा दारातच उभा होता. खेळात दर वेळी तोच कॅप्टन व्हायचा, म्हणून नावच कॅप्टन पडलेलं. “दाराला कडी बाहेरून आहे,” तो हळूच म्हणाला. “राहिली ती कोंबड्यांची खिडकी. हे बघ, माझं डोकंसुद्धा जात नाही यातून.”

“तुझं डोकं म्हणजे भोपळा. पण सुभेदाराचं त्याहून मोठं आहे, हे खरं.” मिरी थबकली. “मामी, पहिली मेलेली कुठे टाकली होती?”

“सकाळी खुराड्यात मेलेली दिसली, तशीच उकिरड्यावर. नाहीतर काय देव्हाऱ्यात ठेवू?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुभेदाराने ती तिथूनच उचलली होती.

मग मारलं कोणी? मिरी खुराड्यात शिरून पेंढ्यावर बसून राहिली. लोकर बांधलेली एकच कोंबडी आता उरली होती, तीही लंगडत होती. शेजारच्या कोंबडीने तिच्या पायातल्या लोकरीला चोच मारली. मग दुसरीने. पायावर रक्ताचा थेंब आला आणि साऱ्या माना एकदम तिकडे वळल्या. मिरीने झडप घालून तिला उचललं आणि धावत घर गाठलं.

ऐकून मामा पोट धरून हसला. “कोंबड्या कोंबडीला मारतात? हेच शिकवतात का शाळेत?”

“मी दरवर्षी लोकर बांधते,” मामी म्हणाली. “कधी काही झालं नाही.”

“दरवर्षी त्या अंगणभर मोकळ्या असतात, मामी. यंदा कोंडल्यात. दिवसभर करायचं काय त्यांनी?”

“ही आधीच जखमी आहे,” मामा म्हणाला. “कुत्र्याने फाडली असेल, जखमेवर सगळ्याच टोचतात. धडधाकट कोंबडीवर दाखव. नाहीतर मधे बोलू नकोस.”

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारचे काका आले. खांद्यावर बंदूक.

“मामा, थोडंच थांबा. दाखवते,” म्हणत मिरी पळाली. पण धडधाकट कोंबडी धरायची कशी? कॅप्टनने तीनदा झेप घेतली आणि तीनदा घाणीत तोंड घातलं. एकही हाती लागेना. पायाशी येऊन उभी राहिली ती फक्त ठिपकी. मिरीच्या तळहातावरचे दाणे खाणारी, हाक मारली की येणारी.

“ही नको गं,” कॅप्टन म्हणाला.

मिरीने साखळीला बांधलेल्या सुभेदाराकडे पाहिलं. काकांना पाहून तो शेपटी हलवत होता. मग ती खाली बसली. ठिपकीने सवयीने पाय तिच्या मांडीवर ठेवला, आणि मिरीने त्याला लाल लोकर बांधली.

मामा आणि काका दाराच्या जाळीतून बघत होते. ठिपकी पेंढ्यावर उतरली आणि मिरी बाहेर आली. बराच वेळ काहीच झालं नाही.

“बघ,” मामा म्हणाला.

मग एक चोच आली. दुसरी. ठिपकी बाजूला झाली, तर त्या मागे गेल्या. ती कोपऱ्यात शिरली आणि तिथून मिरीकडे बघत ओरडायला लागली.

“मामा, पुरे?”

“थांब. लोकरच ओढतायत अजून.”

पांढऱ्या पिसांवर लाल डाग पसरला. आता सगळ्याच धावल्या.

“मामा, दिसलं ना? पुरे ना?”

“थांब जरा. नीट बघू दे.”

“पुरे रे बाबा,” काकाच म्हणाले आणि त्यांनी बंदूक खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली. मिरी तोवर आत घुसली होती.

मग कौतुकाला तोटा नव्हता. “पोरगी आमची हुशार,” म्हणत मामाने पाठ थोपटली. काकांनी दोनदा मान डोलावली. मामी म्हणाली, “उद्यापासून निळी लोकर बांधते बाई. आणि त्यांना थोडं उन्हातही सोडू.” मग तिचं लक्ष मिरीच्या हातांकडे गेलं. “ही आण आत. आता काही हिचं खरं नाही. आजच चुलीवर चढवू.”

 ठिपकीला स्वेटरमध्ये घेऊन मिरी चालू लागली, पण स्वयंपाकघराकडे नाही. लाकडांच्या ढिगाशी जाऊन तिने एका हाताने सुभेदाराची साखळी सोडली आणि ठिपकीला त्याच्या पेटीतल्या गोणपाटावर ठेवलं. ठिपकीने अंग चोरलं. मिरीच्या हातापासूनसुद्धा.

सुभेदार आत गेला. त्याने रक्ताला नाक लावलं.  म्हातारा स्वतःभोवती एकदा वळला, फळीला चिकटून बसला आणि त्याने अर्धं गोणपाट ठिपकीसाठी मोकळं ठेवलं.

“मिरे, आण गं ती कोंबडी,” घरातून मामीची हाक आली.

मिरी पेटीच्या तोंडाशी बसली, पाठ आत आणि तोंड घराकडे करून. दुसरी हाक आली, तेव्हा तिने पाय पसरून वाट आणखी थोडी अडवली.