पिठावरचा उजेड

वैशाखरे गावात कुणी गेलं की जिथं जीव गेला तिथं तांदळाचं पीठ पसरतात आणि वर बांबूचं डालगं पालथं घालतात. दुसऱ्या दिवशी पिठावर कसली खूण उमटली ते बघतात. ठकूच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं.

"बाय अजून निघाली नाय," म्हणून शेजारची ताराबाई लगबगीनं उठून गेली.

ठकूच्या नवऱ्याचा, यमाजीचा, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्याचा संशय होता औषधावर. मशेरीनं ठकूचा गाल आतून सडला, तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात तिच्या शिरेत बारीक कणांचं नवं औषध सोडलं होतं. कण गाठीत जाऊन बसतात, लाल दिवा धरला की पडद्यावर चमकतात आणि गाठ जाळतात, असं सांगितलं होतं. गाठ चमकली. जळली नाही.

दुपारी त्याच दवाखान्यातली समीक्षा मुरबाडचं शिबिर आटोपून भेटायला आली. खांद्याला त्या लाल दिव्याची नि पडद्याची पेटी होती. यमाजीनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"ताई, माझ्या रंजनाचा गाल बघा."

रंजना त्याची एकुलती एक पोर. आईचं तोंड तीच उघड्या हातांनी धुवायची.

"काका, हा आजार असा लागत नाही. आणि औषध टोचल्याशिवाय दिव्यात काही दिसणारच नाही."

"मंग नाय दिसलं तर बरंच. तेवढं दाखवा नि जावा."

"बा, त्यांना बसू तर दे. फौजदारासारखा काय इचारतो!"

समीक्षानं दिवा लावला. उजेड आधी जमिनीवर पडला. पीठ गुळगुळीतच होतं, पण पडद्यावर त्यात एक पाऊल चमकत होतं. बोटं दाराकडे नव्हती, घराकडे होती.

"तुमी काय सांडलंत इथं?"

"मी? काका, तुम्ही औषध घरी आणलं होतं का?"

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले.

सारवलेल्या जमिनीवर पुढचं पाऊल होतं. मग चुलीपाशी एक. रंजनाच्या चटईशी दोन, शेजारी शेजारी. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

यमाजीनं दोन्ही हातांनी समीक्षाचं मनगट धरून दिवा वर उचलला.

"तोंड उघड, पोरी."

रंजनानं डोळे मिटून तोंड उघडलं. पडद्यावर गाल आतून काळाच दिसला. कुठं ठिपका नाही.

यमाजीनं श्वास सोडला.

मग रंजनाच्या एका गालावर चार बोटं उजळली. दुसऱ्यावर अंगठा.

समीक्षा हलली नाही. यमाजीची पकडही सुटली नाही.

"बा," रंजना डोळे न उघडता म्हणाली, "सोड ना आता. किती गार हात हाय तुझा."