रेमीच्या शेडखालचा शिपाई

प्लास्टिक अंथरायचं होतं, एवढंच काम. शेडच्या जमिनीवर नवं काँक्रीट टाकलेलं, रात्री पाणी गोठेल असं रेडिओवर सांगितलेलं, म्हणून रेमी प्लास्टिकची गुंडाळी खांद्यावर टाकून घरातून निघाला. गेल्या नोव्हेंबरची दहा तारीख, रविवार, संध्याकाळचे पावणेसात. त्या दिवसांत आपल्याकडे पाच-सव्वापाचलाच काळोख होतो, तेव्हा रात्रच म्हणा.

योरिस, हसू नकोस. भुताचं सांगा म्हणून तूच तासभर डोकं खाल्लंस. आणि तुम्ही दोघं सोमवारपासून तोफगोळे उचलायच्या त्या गाडीवर जाणार, म्हणूनच सांगतोय. मी ती एकतीस वर्षं चालवली. शेतकऱ्याला नांगरताना महायुद्धातला जुना तोफगोळा सापडतो, तो उचलून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबापाशी ठेवतो, फोन करतो, आपण जाऊन घेऊन यायचा. शंभर वर्षं झाली, हे पीक काही संपत नाही.

"आणि माणूस सापडला तर? तोही खांबाला टेकवून ठेवतात का हो, ओडिलकाका?"

लिवे, तुझी जीभ फार चालते. माणूस सापडला की पोलिसांना कळवायचं. ते येतात, मग उत्खननवाले ब्रश घेऊन बसतात. काम बंद. कधी आठवडा, कधी दोन महिने. म्हणून बरेच जण गुपचूप परत माती लोटतात. सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

रेमी त्यातला नव्हता. माझ्या वर्गातला तो, पाशेंडाल गावच्या टेकाडाखाली त्याचं बटाट्याचं शेत, बायको वारल्यापासून एकटा. शाळेत माझी चूकही स्वतःवर घेऊन छड्या खाल्लेला माणूस. शुक्रवारी दुपारी शेडच्या कोपऱ्यातला खांब रोवायला त्याने खड्डा घेतला, तर बूट लागला. बुटात पायाची हाडं. पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांत खोचलेला चमचा.

चमचा म्हणजे काय ते तुम्हाला शिकवतीलच. गळ्यातला नाव-नंबराचा बिल्ला पुठ्ठ्यासारखा, मातीत कुजून जातो, पण शिपाई चमच्यावर आपला नंबर कोरून ठेवायचे. नंबर मिळाला की नाव मिळतं. नाव मिळालं की थडग्यावर 'अज्ञात' लिहावं लागत नाही, कुठेतरी कुणाच्या तरी नातवाला पत्र जातं. रेमीने चमचा पुसला. आकडे होते. पण चष्मा घरी राहिलेला.

मग तो खड्ड्याच्या काठावर बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि मोठ्याने बोलला. त्याचा बाप हाडं निघाली की बोलायचा, तसंच. "मी रेमी. हे शेत माझं. तुला इथून नीट नेतो, तुझं नाव शोधून काढतो. माझा शब्द."

आणि त्याने मला फोन केला.

आता मी काय म्हणालो ते ऐका. ज्यांच्यासाठी शेड ते बटाटे अंगणात उघड्यावर पडलेले, थंडी वाढत चाललेली, काँक्रीटची गाडी शनिवारी सकाळी सातला ठरलेली. मी म्हणालो, "अरे, शंभर वर्षं थांबलाय, अजून एक हिवाळा थांबेल. झाक त्याला. उन्हाळ्यात बघू."

बघू म्हणे! काँक्रीटखालचं काय बघणार होतो, कपाळ?

रेमी म्हणाला, "ओडिल, मी त्याला शब्द दिलाय रे."

"मेलेल्या माणसाला?" मी म्हणालो. आणि हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. तो माझं ऐकायचा, लहानपणापासून. त्याने चमचा होता तिथे परत खोचला, वर पोतं घातलं, माती लोटली, खांब जरा बाजूला रोवला, खडी पसरली. शनिवारी काँक्रीट पडलं.

तर रविवारी संध्याकाळी तो प्लास्टिक अंथरत होता. शेडला अजून छप्पर नव्हतं, नुसते खांब. एका कोपऱ्यावर विटा ठेवल्या, दुसऱ्यावर ठेवल्या. तिसऱ्या कोपऱ्याकडे, त्या खड्ड्याच्याच कोपऱ्याकडे वळला, तर खांबाला पाठ लावून कुणीतरी बसलेलं. त्याला वाटलं, मीच.

"आलास होय? मग बसतोस काय, हात लाव की."



त्याने टॉर्च मारला. आधी दिसला चिखल. आठवडाभर पाऊस नव्हता, जमीन कडक झालेली, आणि हा माणूस कमरेपर्यंत ओल्या चिखलात. पाणी गळत होतं त्याच्या अंगावरून. प्लास्टिकवर टपटप आवाज येत होता. टॉर्च वर करायचं रेमीला धाडस होईना.

"ते आले का?"

आवाज तरुण होता. कुठल्या भाषेत बोलला, ते रेमीला आजही सांगता येत नाही. कळलं, एवढं खरं.

"कोण...?"

"दुसरी तुकडी. आमच्या जागी येणारी. सार्जंट म्हणाला, जागा सोडू नकोस. रात्री येतील."

रेमीने टॉर्च खालीच धरून ठेवला.

"टेकाड आपल्याकडेच आहे ना?"

इथे मला दर वेळी थांबावं लागतं, पोरांनो. शाळेत तुम्हीही हे शिकलायत आणि परीक्षा झाल्यावर विसरलायत. १९१७ साली जर्मनांकडून ते टेकाड घ्यायला शंभरावर दिवस लागले. चढ असा की म्हातारी बाई सायकलवरून जाते. दोन्हीकडचे मिळून पाच लाखांच्या आसपास मेले नाहीतर जायबंदी झाले, कितीतरी नुसते चिखलात बुडाले. आणि पुढच्या एप्रिलमध्ये, जर्मनांचा मोठा हल्ला आला तेव्हा, वरच्या साहेबांनी ते एका रात्रीत सोडून दिलं. लढाई न करता. आघाडीची रांग आखूड करायची होती. कारणं होती त्यांना, मी पुस्तकांतून वाचलीयत, कदाचित बरोबरही असतील. पण ज्या पोरांना जागा सोडू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांना ती कारणं सांगायला कुणी गेलं नाही. मला याचा संताप येतो. मी ती पोरं तुकड्यातुकड्यांनी बघितलीयत.

ते सांगायची पाळी रेमीवर आली. खोटं बोलला असता तर सुटला असता. पण दोन दिवसांत दुसऱ्यांदा खोटं पडायचं त्याच्या जिवावर आलं.

"दिलं," तो म्हणाला.

"...कधी?"

"पाच महिन्यांनी."

"लढून?"

रेमी प्लास्टिककडे बघत राहिला.

"लढून दिलं ना?"

"नाही."

टपटप थांबली.

दूर रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा आवाज विरला. मग काहीच नाही. कुत्रं नाही... वारा नाही...

"तू पण," तो म्हणाला.

रागावून नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं रेमी म्हणतो.

"तू पण शब्द दिला होतास."

"काढतो! आत्ता काढतो तुला... आत्ता..."

"हो," तो म्हणाला. "सार्जंटही असंच म्हणाला होता."

रेमीने टॉर्च वर केला.

नुसता खांब होता.

सात वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला. मी गेलो तेव्हा रेमी स्वयंपाकघरात अंगातला कोट न काढता बसला होता, आणि समोर चष्मा काढून ठेवलेला. "उद्या फोडायचं," एवढंच म्हणाला. मी नाही म्हणालो नाही. मला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा नोव्हेंबर. महायुद्ध संपल्याचा दिवस, सुट्टी. गावात देशोदेशीचे लोक कोटाला मेलेल्या शिपायांच्या आठवणीची लाल कागदी फुलं लावून आलेले, बिगुल वाजत होते, मोठी माणसं 'आम्ही तुम्हाला विसरणार नाही' म्हणून भाषणं देत होती. आणि आम्ही दोन म्हातारे ब्रेकर लावून काँक्रीट फोडत होतो. आधी मी जमीन गुडघ्यांवर बसून तपासली. वीतभर जाडीचं काँक्रीट, केसाएवढी चीर नाही. खाली खडी, पसरली होती तशीच. खडीखाली माती. मातीखाली पोतं.

रेमीने पोतं उचललं.

बूट नव्हते. हाडं नव्हती.

"चमचा... चमचा तरी..." रेमी नखांनी माती उकरायला लागला. मी धरायला गेलो तर मला ढकलून दिलं. अर्धा तास उकरत होता तो, बोटांतून रक्त येईपर्यंत. मग खड्ड्यातच बसला आणि हुंदके देऊन रडला. "त्याचं नाव माझ्या हातात होतं, ओडिल. घरी जाऊन चष्मा आणायचा होता नुसता."

"कुणी आधीच काढून नेलं असेल," योरिस म्हणतोय. कुठून नेलं? वरून अख्खं काँक्रीट, चारी बाजूंनी निबर चिकणमाती. माझं विचारशील तर तो स्वतःच गेला. सार्जंट झाला, साहेब झाले, रेमी झाला, मी झालो. आता आमच्यापैकी कुणाचीच वाट बघायची नाही, असं त्याने ठरवलं असणार. नावासाठीसुद्धा नाही.

रेमीला मी हात देऊन वर काढला आणि घरात पाठवला. मग एकटाच खड्ड्यात उतरलो. रेमीने उकरलेली सुटी माती बाजूला केली, तर खालच्या चिकणमातीत त्या शिपायाचा ठसा होता. कुशीवर वळलेला, गुडघे पोटाशी घेतलेला, एक हात गालाखाली. सकाळचे साडेदहा होऊन गेलेले, तरी बाहेर गवतावर दव गोठून पांढरं पडलेलं, माझ्या मिशीलासुद्धा बर्फ.

मी हातमोजा काढला आणि त्या ठशात हात ठेवला.

माती कोमट होती.