दार दुरुस्ती समिती

इंजिनियरांच्या संस्थेचं दार उघडत नव्हतं. मी बाहेरून ढकलत होते, आत कुणीतरी होतं हे दिव्यावरून दिसत होतं, आणि मागे पाऊस लागला होता. कवितेतला पाऊस नव्हे हं. बुटात शिरून मोज्यांचा चिखल करणारा, माणसाला उगाच भांडखोर करणारा पाऊस.

"थोडं वर उचला," आतून आवाज आला. "मग ढकला."

"काय उचलू?"

"दार."

"दार... उचलू?"

"खालची बिजागरी गेलीय. हँडल धरा, वर उचला, आणि ढकला."

मी उचललं. ढकललं. दार असं काही सुटलं की हातातल्या ड्रॉइंगच्या नळीसकट मी थेट आत, आणि नळीचं टोक त्या आवाजाच्या मालकाच्या पोटात.

"सॉरी! पण गावातले सगळे इंजिनियर इथे जमतात ना? आणि एक बिजागरी बदलता येत नाही?"

"समिती नेमलीय," पोट चोळत तो म्हणाला. उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बाहीला ग्रीसचा डाग.

"वा! कोण कोण आहे समितीत?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणून मी ओले बूट पुसले. त्या वेळी मला कुठे ठाऊक होतं, की माझ्या नशिबी हाच माणूस लिहिलाय म्हणून!

त्याचं असं होतं. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि संस्थेची विद्यार्थी सभासद होते. विद्यार्थ्याचा पूर्ण सभासद व्हायचं तर संस्थेची रीत ठरलेली: नोकरी करणारा एक सभासद तुमचा मेंटर होतो, दर गुरुवारी संध्याकाळी भेटतो, खरं काम दाखवतो, आणि शेवटी पॅनेलसमोर तुमची मुलाखत होते. पॅनेल तिघांचं, त्यात मेंटरही बसतो. दोघांनी होकार दिला की तुम्ही सभासद. मला एका पंपांच्या कंपनीने नोकरी देऊ केली होती, पण सभासदत्व मिळालं तरच. नाही मिळालं तर? बाबांनी काकांशी बोलून ठेवलं होतं. काकांचं सोफ्यांचं दुकान आहे. "तोवर तिथे बस, हिशेब बघ," असं बाबा म्हणायचे. ते "तोवर" किती लांबतं हे मी आमच्या चुलतभावाकडे बघून शिकले होते. तोवर म्हणत दुकानात बसला, आता त्याला टक्कल पडलंय.

तर मेंटरांची नावं वाचली गेली, आणि माझ्या वाट्याला आली दार दुरुस्ती समिती.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये इंजिनियर होता. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण त्याला एक खोड होती. काहीही बोला, तो शांतपणे विचारायचा, "कशावरून?"

"हा शाफ्ट वाकलाय."

"कशावरून?"

"पाऊस थांबेल आता."

"कशावरून?"

"मला डोकेदुखी सुरू झालीय!"

यावर तरी माणसाने गप्प बसावं की नाही? त्याने घड्याळात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही." मग पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढे सरकवला. पुढच्या गुरुवारी दार अडकलं, मी बाहेरून हाक मारली, तो उठून आला, आणि पुन्हा तोच पुडा; त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. मला कोणती बिस्किटं आवडतात हे त्याने कशावरून ओळखलं, ते मात्र विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

घरी ताईने त्याचं नावच 'कशावरून' ठेवलं. "आज कशावरून काय म्हणाला गं?" ती दार उघडताच विचारायची. मी अर्धा तास त्याला नावं ठेवायची. एकदा ती मध्येच म्हणाली, "ज्याचा इतका वैताग येतो, त्याच्याविषयी इतकं बोलतं का कुणी?"

"कशावरून म्हणतेस?" मी विचारलं, आणि स्वतःच्याच तोंडातून तो शब्द आलेला ऐकून कपाळावर हात मारून घेतला.

एका गुरुवारी त्याने मला पंपहाऊसमध्ये नेलं. आवाज एवढा की जवळ येऊन बोलावं लागत होतं. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवलं आणि दुसरं टोक माझ्याकडे केलं.

"मुठीला कान लावा."

मी वाकले. माझे केस त्याच्या मनगटावर पडले. त्याने हात हलवला नाही. मीही केस मागे घेतले नाहीत. लाकडी मुठीतून त्या लोखंडी धुडाचा आवाज थेट कानात येत होता... आणि आणखी एक ठोका ऐकू येत होता, तो पंपाचा नव्हता.

"काय ऐकू येतं?" त्याने अगदी हळू विचारलं.

मी वर पाहिलं. चष्म्यामागचे त्याचे डोळे अगदी जवळ होते.

"खरखर," मी कशीबशी म्हणाले. "बेअरिंग जातंय."

तो क्षणभर तसाच बघत राहिला. मग म्हणाला, "कशावरून?"

ढकलून द्यावंसं वाटलं त्याला, टाकीत! पण मी पडले हट्टी. पुन्हा पुन्हा गेले, तापमान घेतलं, थरथर मोजली, आणि शेवटी कळलं की बेअरिंग बिचारं निर्दोष होतं. मोटर आणि पंप एका रेषेत बसवलेले नव्हते, त्याचा भार ते सोसत होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने 'कशावरून' विचारलं नाही. नुसता हसला. त्या हसण्यावर माझे पुढचे दोन दिवस गेले.

मला तो आवडत होता. लिहूनच टाकते एकदाचं.

आणि नेमकी मुलाखत जवळ आली तसा हा माणूस लाकडासारखा ताठ झाला. तासाचं काम झालं की "बरं, येतो मी." चहाला चला म्हटलं तर "आज नको." पंपहाऊसला जायचं तर बरोबर आणखी दोन विद्यार्थी. बिस्किटांचा पुडा मात्र यायचा, पण टेबलाच्या मधोमध ठेवलेला, सार्वजनिक असल्यासारखा.

"दुसरी कुणीतरी असेल त्याची," ताई म्हणाली.

"असू दे! मला काय!" मी म्हणाले, आणि रात्रीचं जेवण टाकून उठले.

मुलाखतीच्या दिवशीही पाऊस होता, अवकाळी. दार उचललं, ढकललं, आत गेले. टेबलामागे तिघं बसलेली. मधे अध्यक्षबाई, ज्यांचं सारं आयुष्य वीजकेंद्रात गेलं होतं आणि ज्यांच्यापुढे भलेभले चळचळ कापायचे. डावीकडे पूल बांधून बांधून म्हातारे झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे पूलवाले आजोबाच म्हणत. उजवीकडे 'कशावरून', इस्त्रीच्या शर्टात. माझ्याकडे बघेचना.

मुलाखत सुरू होण्याआधी संस्थेत एक वाक्य म्हणायची पद्धत आहे. अध्यक्षबाईंनी ते चहात साखर ढवळता ढवळता म्हटलं, "उमेदवाराशी कुणाचं नातं, व्यवहार किंवा जवळीक असल्यास त्यांनी उठावं. हं, तर सांगा, तुमचा प्रकल्प..."

तो उठला.

बाईंचा चमचा थांबला. "काय हो? पंखा लावायचाय का?"

"नाही. नियमाप्रमाणे उठलोय."

"नातं आहे?"

"नाही."

"व्यवहार?"

"नाही."

तीनातून दोन गेल्यावर काय उरतं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. पूलवाले आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"उमेदवाराला याची कल्पना आहे?" बाईंनी विचारलं.

"नव्हती," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आत्ता आली असावी."

धरणीमाते, पोटात घे म्हणतात ना, ते मी तेव्हा मनापासून म्हटलं. माझ्या आयुष्यातली पहिली प्रेमाची कबुली, आणि ती पॅनेलला! मी हजर होते एवढंच.

"तुमच्यामुळे यांचं एक मत कमी होतं, हे कळतंय ना?" बाई त्याला म्हणाल्या. "आता आम्हा दोघांचाही होकार लागेल."

"कळतंय. पण बसून राहणं खोटं होईल." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना माझ्या मताची गरज नाही."

एवढं बोलून तो ताडताड दाराशी गेला आणि दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. दार दुरुस्ती समितीला घामाने भिजलेलं पाहून पूलवाले आजोबा खोकल्यासारखं करू लागले.

शेवटी मीच उठले. "उचला," मी दात ओठ खात म्हणाले. "मग ओढा."

त्याने उचललं, ओढलं आणि गेला. मी परत येऊन खुर्चीत बसले. भीती कमी, राग जास्त होता. डोळ्यांसमोर काकांचे सोफे दिसू लागले, रांगेने.

"पुढे जायचं का, की थोडं थांबायचं?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, पण नजर नाही.

"जाऊ या," मी म्हणाले.

मी पंपाचं काम सांगितलं. आजोबांनी मान हलवली. "बेअरिंग आवाज करतंय तर बदलून टाकायचं. एवढा आटापिटा कशाला?"

"नवंही गेलं असतं. दोष त्याच्यात नव्हता, मोटर आणि पंप एका रेषेत नव्हते."

"कशावरून?" आजोबा म्हणाले.

मी चमकून पाहिलं. तोच सूर, तोच शांतपणा!

"तुम्ही... त्यांचे मेंटर होतात?"

"होतो. का? त्यानेही छळलं का तुला या शब्दाने?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता उरलीसुरली भीतीही गेली. मग मी सगळं सांगितलं, आधी माझा अंदाज कसा चुकला, मग काय मोजलं, काय जुळलं, काय जुळलं नाही. बाईंनी खोदून खोदून विचारलं. जे येत नव्हतं ते येत नाही म्हणाले. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी हात पुढे केला.

"सभासद झालात. दोघांचं एकमत आहे. आता बाहेर जा आणि त्याला... काय ते करा."

मी दार उचललं, ओढलं, बाहेर आले आणि धाडकन लावून घेतलं. तो जिन्यात उभा होता, पिशवी छातीशी धरून.

"झालं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"झाले सभासद. स्वतःच्या जोरावर! आणि तुम्ही! आधी मला सांगायचं, की पॅनेलला?"

"तुम्हालाच. उद्या सांगणार होतो."

"उद्या का?"

"मुलाखत होईपर्यंत तुमची नोकरी माझ्या होकारावर होती. तेव्हा विचारलं असतं... आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर कसं म्हणाला असता?"

माझा राग जिन्यावरून एक पायरी खाली घसरला. म्हणजे म्हणून तो चहा बंद. म्हणून ती सार्वजनिक बिस्किटं.

"मग आज का उठलात?"

"तो प्रश्न असतो हेच विसरलो होतो हो! इतकी वर्षं पॅनेलवर बसतोय, कुणी कधी उत्तरच दिलेलं नाही. विचारल्यावर मात्र... खोटं कसं बोलणार?"

हसावं की रडावं? मी नव्या सभासदत्वाची सगळी ताकद एकवटून त्याच्यासमोर उभी राहिले.

"जवळीक म्हणे! कशावरून?"

साऱ्या जगाकडे पुरावे मागणाऱ्या माणसाला एक पुरावा देता येईना. मग त्याने पिशवीत हात घातला, बिस्किटांचा पुडा बाजूला केला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. जड होतं. कागद उघडला तर नवीकोरी बिजागरी, चार स्क्रूंसकट.

"ही कधी घेतली?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे आठ महिने काखेत कळसा! आठ महिने मी खांद्याने दार ढकलतेय! का नाही बसवली?"

"दार अडकलं की तुम्ही बाहेरून हाक मारायचात," तो बिजागरीकडे बघत म्हणाला. "मग मी उठून यायचो. दर गुरुवारी... ती हाक ऐकायची असायची."

माझ्याकडे शंभर टोमणे तयार होते. डोळे मात्र भरून आले, आणि त्याचाही मला राग आला.

इतक्यात आतून दार खडखडलं. "अहो, कुणी आहे का?" अध्यक्षबाईंचा आवाज. "अडकलंय हे!"

"उचला, मग ओढा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो, आणि एकमेकांकडे बघून हसत सुटलो.

मी बिजागरी त्याच्या हातात दिली.

"आज बसव," मी म्हणाले. एकेरीवर कधी आले ते मलाच कळलं नाही. "खांदा दुखतो माझा. स्क्रू ड्रायव्हर आहे ना? मी दार धरते."

"बसवतो," तो म्हणाला. मग घुटमळला. "पण... मग गुरुवारी?"

"गुरुवारी मी येईन. दार आपलं आपण उघडेल," मी म्हणाले. "तू तरीही उठून यायचंस."