शेवटच्या रांगेत कोण?

“ओ ताई, चिकटून ऱ्हावा! ढाली जोडा! कासव करा, कासव!”

यशोधरेनं मान वळवून बघायचा प्रयत्न केला. वळेचना. लोहगडाच्या पायऱ्यांवर, दोन दरवाज्यांमधल्या चिंचोळ्या वळणावर रविवारची सगळी गर्दी अडकून पडली होती. चढणारे वर सरकेनात, उतरणारे खाली. पाठीशी ओला कातळ, छातीत कुणाची तरी सॅक रुतलेली, आणि धुक्यात कुठंतरी एक बाळ रडत होतं. श्वास अर्धाच येत होता. वडगावहून निघताना आई म्हणाली होती, “रविवारी कशाला मरायला जातेस गडावर?” ते तिला आत्ता आठवलं.

पण कासव? हे कासव तर तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं! मोबाइलवर रोमन सैन्याची लढाई खेळताना ती रोज हेच करायची. शिपाई एकमेकांना चिकटतात, डोक्यावर ढाली धरतात आणि बाणांच्या माऱ्यातून पुढं सरकतात.

तिनं डोळे तिरके केले. वरच्याच पायरीवर निळ्या शर्टातला एक पोरगा हात पसरून, एका आजीला पाठीशी घालून उभा होता.

“अहो, कासव बाणांसाठी असतं!” ती ओरडली. “इथं बाण कुठंयत? चिकटलो तर गुदमरून मरू सगळे!”

तो बघतच राहिला. आणि काय म्हणावं या पोराला... अशा भलत्या वेळी हसला!

“तुमी... तुमी बी खेळता?”

“खेळते. आणि ताई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“यशोधरा. आता पट मांडा, बुद्धिबळाचा पट! एकाआड एक जागा मोकळी. दमलेली रांग मधल्या फटींतून मागं जाते ना, तसं या उतरणाऱ्यांना खाली जाऊ द्या.”

“आन् वरनं रेटत्यात त्यांचं?”

खरंच की! वरच्या दरवाज्यात कुणीतरी आडवं उभं राहायला हवं होतं, सगळा रेटा अंगावर घेऊन.

“तिथं... शेवटची रांग लागेल,” ती चाचरत म्हणाली. “म्हाताऱ्या शिपायांची. गुडघा टेकून थांबतात ते, अगदी शेवटपर्यंत...”

“मी काय म्हातारा दिसतो व्हय?” त्यानं आजीचा हात तिच्या हातात दिला आणि सरळ कठड्यावर चढला. पलीकडं दरी.

“अहो, पडाल!”

“जल्मलोय हितं!” आणि तो धुक्यात दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं वरून त्याची हाक आली. “हात धरा रं पोरांनो! येकाला बी खाली सोडू नका!” रेटा जरासा सैलावला. मग यशोधरा ओरडतच सुटली. “भाऊ, एक पायरी सोडून उभे राहा! मावशी, थांबा, आधी त्या बाळाला जाऊ द्या!” आवाज फाटत होता. पण माणसं हलली. रडणारं बाळ तिच्यासमोरून खाली गेलं. आजीला धरून तीही उतरली.

पायथ्याच्या लोहगडवाडीतल्या पहिल्याच टपरीत तिनं आजीला बाकावर टेकवलं, तेवढ्यात वरून मोठा गलका ऐकू आला.

“दरवाज्यात एक पोरगा पडला,” धापा टाकत आलेला एकजण म्हणाला. “तुडवला म्हणे.”

टपरीवाल्या हिरीमावशीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. “कुटला पोरगा? निळा शर्ट व्हता का? माजा करण वर गेलाय, पान्याच्या बाटल्या घिऊन!”

करण. त्याचं नाव तिला कळलं ते असं. यशोधरेला रडूच फुटलं. खेळात शिपाई मेला की दुसरा मिळतो. इथं त्याची आई समोर उभी होती, आणि शेवटची रांग लागेल म्हणून तिनंच सांगितलं होतं.

“येईल तो, मावशी.”

“तू वळखतीस त्याला?”

“हो... म्हणजे... आत्ताच.”

मावशीनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघी धुक्याकडं डोळे लावून बसल्या. माणसं येत होती, पण त्यांत निळा शर्ट नव्हता. हळूहळू गर्दी आटली. मग पायऱ्यांवर कुणीच दिसेना. यशोधरेनं मनातल्या मनात नको नको ते सगळं पाहून घेतलं.

आणि तो आला. सगळ्यांच्या मागून, एकटा, लंगडत. बाही फाटलेली, गुडघा फुटलेला.

“मुडद्या!” मावशी आधी ओरडली आणि मग त्याला पोटाशी धरून रडली.

“पडलं कोण होतं?” यशोधरेनं विचारलं.

“मीच. उठलो परत.” तो तसाच हसला. “शेवटच्या रांगंला गुडघा टेकायचा असतो म्हनं.”

“हसू नकोस!” ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. “जीव जात होता माझा इथं! परत असा एकटा उभा राहिलास ना, तर...”

“तर?” त्याचं हसू विरलं. तो हळूच म्हणाला, “भ्या मला बी लय वाटलं. म्होरल्या बारीला... तू ऱ्हाशील शेजारी?”

मावशी बघत होती. बाकावरची आजी बघत होती. यशोधरेनं ओढणीचं टोक पाण्यात भिजवलं, खाली वाकली आणि त्याच्या गुडघ्यावरची माती पुसू लागली.

“व्हय,” ती म्हणाली, त्याच्याच बोलीत.