खिडकीला टेकू दिलेलं लाकूड

“साहेब, ते नकली लाकूड जरा उलटं करून दाखवाल का?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज ढब्बू आणि शंका या दोस्तांनी कालच भिंगरीशी लावली होती. एरवी भिंगरीच्या तोंडाचा पट्टा शाळेच्या घंटेलाही न जुमानणारा. आज मात्र एवढा एक प्रश्न तिने कसाबसा विचारला होता.

संग्रहालयाच्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “तू त्या सुताराची मुलगी ना?”

‘त्या’ सुताराची. दोन महिन्यांपासून बाबा सगळ्यांचे ‘ते’ सुतार झाले होते.

झालं होतं असं. महायुद्धातल्या दोन इंग्रजी बंदुकांचं लाकूड संग्रहालयाने बाबांकडे साफ करायला दिलं होतं. एक बंदूक काचेच्या कपाटातली, दुसरी कोठारात पडून असलेली. जुन्या लाकडाला बाबा कधी पॉलिशपेपर लावत नाहीत. फडक्याने मळ काढायचा आणि जवसाचं तेल तळहाताने जिरवायचं, ही त्यांची रीत. कपाटातल्या बंदुकीवरचा काळा थर निघाला आणि खालचं लाकूड निघालं फिकट. साहेबांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की या बंदुकांचं लाकूड अक्रोडाचं, गडद असतं. झालं! सुताराने अस्सल लाकूड लांबवलं आणि नकली बसवलं, असं त्यांनी भर बाजारात सांगितलं. फिकट लाकूड काढून कोठारातल्या बंदुकीचं गडद लाकूड कपाटातल्या बंदुकीला चढवलं.

त्या दिवसापासून दुकानाकडे कुणी फिरकेना. बाबा फळ्या लावलेल्या दुकानात नुसते बसून राहायचे. शनिवारी ते दुकानाची किल्ली मालकाला परत करणार होते. लोकांचे टोमणे पोरीच्या कानावर नकोत म्हणून आईने भिंगरीची बॅग भरून ठेवली होती, उरलेली सुट्टी मामाकडे काढायला.

खूप खोदून विचारल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, “लाकडाच्या पोटाला नंबर ठोकलेला असतो. लोखंडावर असतो तोच. ज्याला बघायचं त्याने बघावं.”

काचेतल्या बंदुकीच्या लोखंडावरचा नंबर शंकाने काल तळहातावर उतरवून घेतला होता. राहिलं होतं ते फिकट लाकूड.

“ते फेकून दिलं,” साहेब म्हणाले.

“नाही हो. तुमच्या कोठाराच्या खिडकीला टेकू दिलाय त्याचा. ढब्बूने मागच्या अंगणातून पाहिलं.”

ढब्बू एव्हाना दाराबाहेर पोचलाही होता. पुढच्याच क्षणी खिडकी धाडकन आपटली आणि ते लांबुडकं लाकूड बगलेत धरून स्वारी हजर झाली.

भिंगरीने ते टेबलावर पालथं घातलं. पुढच्या टोकाजवळ बारीक अंक होते. शंकाने शेजारी आपला तळहात ठेवला. एकेक अंक जुळला.

साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, की नंबर काय, सुतारानेच ठोकला असेल.

“मग खाचांमधला मळ कुणी भरला?” भिंगरीच्या तोंडाचा पट्टा आता सुटला होता. “नव्या अंकांत इतका जुना मळ बसेल का? कोरून काढला तर अंक झिजतील म्हणून बाबांनी तो तसाच ठेवलाय.”

कोपऱ्यातल्या बाकावरून काठी वाजली. तिथे एक आजी बसल्या होत्या. मुलांनीच त्यांना हाताला धरून आणलं होतं. काचेच्या कपाटातली बंदूक त्यांच्या भावाची. तो युद्धावरून परतला नाही, बंदूक परतली. आजींना दिसत नव्हतं, पण दरवर्षी येऊन, कपाट उघडायला लावून त्या ती चाचपून जात. यंदा गडद लाकडाला हात लावताच त्या म्हणाल्या होत्या, की हे त्याचं नाही. त्यावर साहेबांचं उत्तर तयारच होतं: त्याचं कुठून असणार, ते सुताराने पळवलं ना!

आता आजींची बोटं फिकट लाकडावरून सरकत गेली आणि एका झिजलेल्या खळग्यात थांबली.

“हेच,” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

साहेबांनी टेबलाच्या खणातून ते पुस्तक काढलं. पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की युद्धात अक्रोड कमी पडला तेव्हा कारखान्यांनी फिकट लाकूडही वापरलं. साहेबांनी ते पान कधी उलटलंच नव्हतं. त्यांनी मुलांची पाठ थोपटली, हुशार आहात म्हणाले, बाबांची माफी मागतो म्हणाले.

संध्याकाळी साहेब घरी आलेही, बंदुकीला परत बसवायला ते फिकट लाकूडही घेऊन. पण दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलले. चोर ठरवलं होतं भर बाजारात, आणि माफी मिळाली बंद दाराआड. साहेब गेल्यावर आई डोळे पुसत राहिली. बाबा किल्लीकडे बघत होते. शनिवार परवावर आला होता.

भिंगरीने बॅग उघडली आणि आपले कपडे एकेक करून परत फळीवर ठेवले.

“मी मामाकडे जाणार नाही,” ती म्हणाली. “उद्या सकाळी दुकानाच्या फळ्या आपण दोघं काढायच्या, बाबा. ते लाकूड दारातच ठेवायचं, नंबर वर करून. बघायला येईल त्याला मी सांगेन. कुणीच नाही आलं तर तुम्ही मला रंधा मारायला शिकवा.”