बहुरूप कापडाचा एकच रंग

इचलकरंजीच्या वस्त्रसंशोधन प्रयोगशाळेत त्या शुक्रवारी शकूआत्याची म्हैसूरच्या सहलीची तयारी चालली होती, आणि बॅगेचा पत्ता नव्हता. टेबलावर फक्त एक घडी होती, ओढणीएवढी हलकी.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "तीन दिवस राहायचं आणि एवढंच? आमच्या मंडळातल्या सुमननं सहा साड्या घेतल्यात. वर दोन ड्रेस, आणि म्हणते, चपला वेगळ्या पिशवीत."

"सुमनमावशींना मग राजवाड्यापर्यंत हमाल लागणार," संयुक्ता हसली. "तुझं सगळं अंगावर."

संयुक्ता मगदूम या कापडाच्या चाचण्यांची प्रमुख होती. कापडाचं नाव बहुरूप. त्यातले वर्णतंतू रंग बदलत, आकारतंतू लांबी आणि घेर बदलत. सकाळी पायपिटीला सैल कुर्ता-पँट, रात्री जेवणाला लांब झगा, बसमध्ये न टोचणारं काहीतरी. सगळं त्याच एका कापडातून. शहरात दोन-तीन दिवस फिरायला जाणाऱ्यांसाठीच ते बनवलं होतं.

आत्यानं निवडायला अख्खी दुपार घेतली. काका गेल्यापासून तिनं बिस्किटी आणि फिक्कट निळ्यापलीकडे काही अंगाला लावलं नव्हतं. शेवटी फिरायला पोपटी कुर्ता ठरला, बाही कोपराच्या वर आणि पँटीला खिसे. जेवणाला जांभळा झगा, काठाला कशिदा.

"शोभेल ना गं? नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारीला काय झालं."

"शोभेल. आणि टोचलं, उकडलं तर ते आपलं आपण बदलेल."

ते कसं बदलतं, हे प्रयोगशाळेचे संचालक डॉ. हुपरीकर प्रत्येक पाहुण्याला सांगत. कापडाच्या आतल्या बाजूला स्पर्शमापक होते. ते त्वचेचा घाम, उष्णता आणि नाडी मोजत आणि त्यातून एक आकडा काढत, अस्वस्थांक. आकडा चढला की कापड स्वतःत छोटासा बदल करून बघे. आकडा उतरला तर बदल ठेवायचा, नाही उतरला तर दुसरा करायचा. एका कापडाला जे उमगे, ते समाईक स्मृतीतून सगळ्या कापडांना कळे. हाताशी बटण एकही नव्हतं. "बाई सहलीला निघालीय, निवडीची कटकट कशाला?" हे हुपरीकरांचं आवडतं वाक्य होतं.

शनिवारी दुपारी आत्याचा फोन आला. चित्रात मागे राजवाड्याचे घुमट होते आणि पुढे आत्या, गळ्यापासून घोट्यापर्यंत राखाडी. बाह्या मनगटापर्यंत आलेल्या.

"आत्या, पोपटी कुठं गेला?"

"अगं, सकाळी नटून खाली उतरले. सुमनचे मिस्टर, ते देसाई भावजी, उभे होते. म्हणाले, 'वहिनी, हौस अजून फिटली नाही वाटतं!' सगळे हसले. मीपण हसले. आणि बघते तर बाही खाली सरकत चाललेली." आत्यानं राखाडी कापडावरून हात फिरवला. "जाऊ दे. आता कुणी बघत नाही. बरं वाटतंय."

रात्री तिनं चाचणीच्या प्रश्नाला उत्तर दिलं, 'समाधानी'.

संयुक्तानं बाकीच्या नोंदी उघडल्या. जयपूरला गेलेली शिक्षिका लिंबोणी रंगात निघाली होती. कोचीला गेलेल्या दोघी बहिणी एकसारख्या लाल घेरदार झग्यांत. इंदूरला खाऊगल्लीत फिरायला गेलेली वकील बिनबाह्यांच्या निळ्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्या राखाडी, सगळ्या सैल, सगळ्या घोट्यापर्यंत. आणि सगळ्या समाधानी. पुरुष ज्या चौकडीच्या शर्टात निघाले, त्याच शर्टात हिंडत होते.

सोमवारी बैठक होती. हुपरीकर आणि व्यवस्थापनाचे दोन सदस्य टेबलाशी बसले होते. भिंतीवर देशाचा नकाशा होता आणि चाचणीतलं बायकांचं प्रत्येक कापड त्यावर एक ठिपका होऊन दिसत होतं. सगळीकडे राख सांडल्यासारखं दिसत होतं.

"निष्कर्ष स्वच्छ आहे," हुपरीकर म्हणाले. "बायकांना राखाडी आवडतो. मग महिला आवृत्तीत वर्णतंतू ठेवायचेच कशाला? काढून टाकू. कापड हलकं होईल, स्वस्त होईल. संयुक्ता, चाचणीप्रमुख म्हणून तुझी संमती हवी. आजच उत्पादनाला पाठवू."

"आवडतो हे कशावरून, सर?"

"अस्वस्थांक राखाडीतच सगळ्यात कमी आहे."

"सगळ्यात कमी नाही. आसपास कमी." तिनं टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला. "उतारावर हे पाणी ओतलं, तर ते पहिल्या खळग्यात साचेल. खाली मोठी दरी असली तरी त्याला कळणार नाही, कारण मध्ये उंचवटा आहे. आपलं कापड तसंच आहे. राखाडीवरून जरा रंगाकडे सरकलं, की कुणीतरी बघतं, कुणीतरी बोलतं, आकडा चढतो. कापड घाबरून मागे येतं. पलीकडे काय आहे, ते त्यानं कधी पाहिलेलंच नाही."

"त्यासाठी लांब उडी ठेवलीय ना मी?" हुपरीकर शांतपणे म्हणाले. "अंक कमाल मर्यादेबाहेर गेला आणि छोटे बदल कामाला आले नाहीत, की कापड एकदम दुसऱ्या टोकाला जातं. उष्माघातासाठी केलेली सोय आहे, पण चालते सगळ्यालाच. या चाचणीत ती मर्यादा एकीनंही ओलांडली नाही. याचा अर्थ काय?"

"बायका आधीच हसतात, असा अर्थ."

"काय?"

"माझी आत्या हसली, सर. अंगावरचा पोपटी उतरत होता आणि ती हसत होती. आयुष्यभर तेच शिकवलंय तिला. तिचा आकडा मर्यादेपर्यंत चढणार कसा? आणि आपण तिचं ते गप्प बसणं मोजून त्याला सुख म्हणतोय. या सूत्रात घाम आहे, नाडी आहे. हौस कुठं आहे?"

"हौस मोजता येत नाही."

"म्हणून ती कापडातूनच काढून टाकायची?"

सदस्यांपैकी एकजण खोकला. हुपरीकर मागे रेलले आणि त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"एवढं भाषण केलंस. पण तू स्वतः काय घातलंयस?"

संयुक्तानं खाली पाहिलं. सकाळी घरून निघताना अंगातलं बहुरूप हळदी रंगाचं होतं, कमरेशी बेतलेलं. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं होतं, "आज काय, हळदी-समारंभ?" ती हसून पुढे आली होती. आता ती राखाडी होती. बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"बघा," हुपरीकर सदस्यांना म्हणाले. "मॅडमनाही हेच सोयीचं वाटतं."

दुसरा सदस्य हसला. संयुक्ताला आपल्याही ओठांवर ते सवयीचं हसू येऊ घातल्याचं जाणवलं. तिनं ते येऊ दिलं नाही.

कानशिलं तापली. नकाशावर इचलकरंजीच्या ठिपक्याशेजारचा आकडा चढायला लागला. कापडानं गळा आणखी मिटवला. आकडा चढला. कापडानं राखाडी आणखी मळकट केला. आकडा चढतच राहिला. भीती असो की संताप, त्वचेवर दोन्ही सारखीच दिसतात, तोच घाम, तीच धडधड. आणि भीतीवरचा सगळा इलाज कापडानं करून झाला होता.

मग त्यानं लांब उडी घेतली. खांद्यापासून पायापर्यंत एका क्षणात पळस फुलावा तसं, भगभगीत केशरी. बाह्या दंडापर्यंत गेल्या, कंबर आवळली गेली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला ते बघणं हवंसं वाटत होतं. आकडा कोसळला. राखाडीत कधी गेला नव्हता इतका खाली गेला, आणि तिथंच थांबला.

"ही दरी," ती म्हणाली. आवाज आता शांत होता. "आणि ती आता समाईक स्मृतीत गेलीय."

हुपरीकर झटकन नकाशाकडे वळले. कोचीला एक ठिपका केशरी झाला, लगेच त्याला लागून दुसरा. जयपूर, इंदूर. काही ठिपके पेटून पुन्हा राखाडी झाले. त्या बायकांना खरोखरच भीती वाटत होती, आणि कापडानं त्यांचं ऐकलं. पण तसे ठिपके थोडे होते. जिथे आकडा उतरला, तिथे केशरी टिकला, आणि नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटत गेला.

"बंद कर ते!"

"कसं? बटण तुम्हीच ठेवलं नाही. निवडीची कटकट नको म्हणून."

"अगं, पण एवढ्या सगळ्या बायका... या तर समाधानी होत्या!"

संमतीचा कागद संयुक्तानं कोराच त्यांच्यापुढे सरकवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चित्रात हॉटेलची जेवणाची खोली होती आणि मधोमध आत्या, केशरी, बाह्या कोपराच्याही वर.

"संयू, काय झालं गं हे? ताटावर बसले होते. देसाई भावजींचा घास हातातच राहिला."

"तुला कसं वाटतंय?"

"ते राहू दे. हा रंग जाणार कधी, ते सांग."

"राखाडी घालून तुला राग येईनासा झाला, की जाईल."

आत्यानं केशरी बाहीवरून हात फिरवला. मागे बायका कालवा करत होत्या. सुमनमावशी कुणाला तरी बाजूला सरकायला सांगत होत्या.

"मग नाही जायचा," आत्या म्हणाली. "बरं, ठेवते आता. भावजींशी जरा बोलायचं राहिलंय."