आर्विडची बंदूक

आर्विड टोलेफसनची काडतुसं आता त्याची बायको इनेज एकटीच भरत होती. आजवर दोघं गराजमधल्या टेबलाशी बसून भरायची. तो शिसं वितळवून गोळ्या ओतायचा. ती लांब नळीतून काळी दारू सावकाश पितळी पुंगळीत सोडायची, म्हणजे दाणे घट्ट बसतात. बंदूक नवीच, पण गव्यांच्या शिकाऱ्यांच्या जुन्या बंदुकीबरहुकूम घडवलेली.

हिवाळ्यात आर्विड गेला. फुफ्फुसं निकामी झाली होती. शेवटी शेवटी एकेक श्वास त्याला विहिरीतून पाणी शेंदावं तसा ओढावा लागे. वसंतातल्या नेमबाजीला त्याच्या जागी आपण उभं राहायचं, असं इनेजनं ठरवलं होतं.

बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायला तिनं पहिली पुंगळी उचलली, तर तिच्यात आतून वाफ धरलेली. बोट घातलं, ओलं लागलं. मोंटानाच्या हवेत धुतलेले हात पुसायच्या आत सुकतात! तिनं सगळ्या पुंगळ्या ओव्हनमध्ये खडखडीत वाळवल्या. जेवून आली, तर पुन्हा ओल्या. आणि कोमट.

"छप्पर गळतंय, वहिनी," तिचा दीर क्लेटन म्हणाला. "दादाला किती वेळा सांगितलं, पण तो ऐकतोय कुठला!"

"आणि पाऊस कुठे पडलाय?"

तिनं पुंगळ्या पुन्हा वाळवल्या आणि निवल्याबरोबर भरून टाकल्या. दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग मेण आणि चरबी लावलेली गोळी.

मैदानावर कोरडा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात दारूची काजळी बंदुकीत दगडासारखी धरते, पुढचं काडतूस अडतं. म्हणून प्रत्येक गोळी झाडल्यावर लोक मागच्या बाजूनं फुंकणी लावून आत फुंकतात. श्वासाच्या ओलाव्यानं काजळी मऊ राहते. इनेज फुंकायचं विसरलीच. लक्षात आलं तोवर पुढचं काडतूस अलगद आत सरकलं होतं. त्याच्या पुढचंही. लांबवरचा निशाणाचा पोलादी गवा प्रत्येक गोळीला ठणकत होता.

"वहिनी, तू फुंकत नाहीयेस."

"नाही."

क्लेटननं बंदूक उघडून गजाला चिंधी लावली आणि आत घातली. चिंधी ओलीचिंब बाहेर आली.

"आण, मी फुंकतो," म्हणत त्यानं फुंकणीला तोंड लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं रे?"

"मी फुंकलंच नाही, वहिनी. आतून... आतून कुणीतरी ओढून घेतला. माझा श्वास."

इनेजनं उघड्या बंदुकीला कान लावला.

आत कुणीतरी घरघरत होतं. मध्येच थांबत होतं. ती थांबण्याची जागा तिला पाठ होती. सगळा हिवाळा ती तिथेच जीव मुठीत धरून बसली होती.

"ठेव ती खाली," क्लेटन पुटपुटला.

"थांब. त्याला पुरत नाहीये."

तिनं फुंकणी ओठांत धरली.

परतताना क्लेटन गाडी चालवत होता. मागच्या सीटवर इनेज, मांडीवर बंदूक. ती फुंकत होती. श्वास घ्यायची, पुन्हा फुंकायची. त्यानं हाका मारल्या. तिनं मान वर केली नाही.

गाव जवळ आल्यावर त्यानं आरशात पाहिलं. तिचे ओठ निळे पडले होते. बंदुकीच्या तोंडातून मात्र वाफ येत होती. संथ, एकसारखी, गाढ झोपलेल्या माणसासारखी.